ठेंगण्या मोटारीचीं चाकें

लहान मोटारगाडी तिच्या मूळ उंचीपेक्षां दोन बोटें खालीं आणण्याची, म्हणजे ठेंगणी करण्याची हौस आपल्याकडील शहरांतून आतां चांगलीच रुजली आहे. या हौसेच्या मुळाशीं केवळ दिखाऊपणा आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खालीं, तितकी ती वळणावर कमी कलते, हें शाळेच्या पुस्तकांतीलच तत्त्व आहे. आणि नीट रीतीनें ठेंगणी केलेली गाडी घाटाच्या वळणावर अधिक स्थिर वाटते, हा अनुभवहि खोटा नाहीं. घोटाळा होतो तो त्यापुढील पायरीवर. गाडी खालीं आली कीं मूळचीं चाकें तिला शोभत नाहींत असें मालकास वाटूं लागतें. मग तो दुकानांत जाऊन भिंतीवर टांगलेलीं चकचकीत चाकें पाहतो आणि त्यांतलीं जीं मनास भरतील तीं घेऊन येतो. जें काम पट्टीनें आणि गुणाकारानें करावयाचें, तें नुसत्या नजरेनें उरकलें जातें.

खेड्यांतील लोहार बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव चढवी, तेव्हां त्याच्याजवळहि माप असे. चाकाचा घेर किती आणि धांवेचा घेर त्याहून किती कमी ठेवावयाचा, हें त्याला ठरवावें लागे. धांव सैल राहिली तर ती वाटेंत निघून पडे, फार घट्ट बसली तर आरे मोडत. मोटारीचा टायर म्हणजे रबरी धांवच होय. तिचें माप चुकल्याचा परिणाम मात्र ताशीं ऐंशी किलोमीटरांच्या वेगांत दिसून येतो, आणि त्या वेळीं गाडींत बहुधा चार माणसें बसलेलीं असतात.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एकच गाडी उदाहरणादाखल घेणें बरें. मारुति सुझुकी कंपनीची स्विफ्ट ही लहान गाडी भारतांत २००५ सालीं आली, आणि ठेंगण्या केल्या जाणाऱ्या गाड्यांमध्यें ती नेहमीं आढळते. २०१८ सालीं निघालेल्या तिच्या आवृत्तीस कंपनीनें स्वतःच दोन मापांचे टायर दिले होते. साध्या प्रकारांस १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारांस १८५/६५ आर १५. ही अक्षरें टायरच्या कडेवर उठावदार छापलेलीं असतात. पण तीं वाचतां येणारे मालक थोडेच.

यांतील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची, म्हणजे रिमच्या कांठापासून जमिनीपर्यंतच्या रबराची उंची सांगतो; परंतु ती मिलिमीटरांत नसून रुंदीच्या शेंकडेवारीनें असते. शेवटचा आकडा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडा आणि इंच अशीं तीन परिमाणें नांदतात. एखाद्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत असें मिश्रण केलें असतें तर त्याचे गुण खात्रीनें कापले गेले असते. मधलें आर हें अक्षर रेडियल या रचनेचें द्योतक होय. फ्रान्समधील मिशलिन कंपनीनें या रचनेचें पेटंट १९४६ सालीं घेतलें आणि १९४९ सालीं तसे टायर बाजारांत आणले; आज लहान मोटारींना सर्रास तेच असतात.

आतां हिशेब. १६५ चे शेंकडा ८० म्हणजे १३२ मिलिमीटर. ही झाली भिंतीची उंची. भिंत रिमच्या वर एक आणि खालीं एक अशी दोनदां मोजावयाची, म्हणून २६४. रिमचे १४ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. दोहोंची बेरीज ६१९.६ मिलिमीटर. हा चाकाचा बाहेरचा व्यास. आतां कंपनीचेंच दुसरें माप घ्यावें. १८५ चे शेंकडा ६५ म्हणजे १२०.२५, त्याची दुप्पट २४०.५, त्यांत १५ इंचांचे ३८१ मिळविले कीं ६२१.५. म्हणजे रिम पुऱ्या एका इंचानें वाढली, टायर २० मिलिमीटरांनीं रुंद झाला, तरी बाहेरच्या व्यासांत पुरा दोन मिलिमीटरांचाहि फरक पडला नाहीं. हा योगायोग नव्हे. गाडी बनविणाऱ्यानें रिम वाढविली तेवढी भिंत कमी केली आणि व्यास जागचा हलूं दिला नाहीं. चाकें बदलूं इच्छिणाऱ्या मालकानें उचलावयाची रीत हीच आहे. ठेंगण्या गाडीच्या बाबतींत तर तिच्यापासून ढळण्यास मुळींच जागा उरत नाहीं. कारण उंचीचें जें भांडवल शिल्लक टाकतां आलें असतें, तें स्प्रिंगा बदलतांनाच खर्च झालेलें असतें.

याच रीतीनें सोळा इंची रिमवर १९५/५५ हा टायर ६२०.९ मिलिमीटर व्यास देतो, आणि सतरा इंची रिमवर २०५/४५ हा टायर ६१६.३ देतो. व्यासापुरतें पाहिलें तर दोन्हीहि चालतील. परंतु पुष्कळदां होतें तें निराळेंच. गाडी आणखी ठेंगणी दिसावी म्हणून पंधरा इंची रिमवर १९५/५० असा टायर चढविला जातो. त्याचा व्यास भरतो ५७६ मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षां शेंकडा सात कमी. चाक लहान झालें कीं तेवढ्याच अंतरास त्याचे फेरे अधिक होतात. वेगाचा कांटा ६० दाखवितो तेव्हां गाडी खरोखर ५६ च्या आसपास धांवत असते, किलोमीटर न धांवतां मोजले जातात आणि इंजिन विनाकारण अधिक फिरतें. हें फार तर नुकसान झालें, धोका नव्हे. धोका व्यास वाढविल्यानें येतो. २०५/५५ आर १६ हा टायर ६३१.९ मिलिमीटरांचा, तो घातला म्हणजे कांटा ८० वर असतां गाडी ८१.६ नें जात असते, आणि मडगार्डाची कमान टायरला आणखी सहा मिलिमीटरांनीं जवळ येते.

लहान व्यासाचा खरा भुर्दंड गाडीच्या पोटाखालीं पडतो. २०१८ च्या स्विफ्टचें पोट जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंच असल्याचें कंपनी सांगते. गाडी ३५ मिलिमीटरांनीं ठेंगणी केली कीं १२८ उरले. त्यांत १९५/५० आर १५ चे टायर आले कीं त्रिज्येचे आणखी २२ गेले, उरले १०६. आतां रस्त्यावरील गतिरोधकाचा विचार करावा. इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालीं जें मानक घालून दिलें, त्याप्रमाणें गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. त्याच्या वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टच्या पुढच्या व मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आहे. म्हणजे अशा गतिरोधकावर गाडीचीं चारहि चाकें एकाच वेळीं चढलेलीं असतात, आणि मधला फुगवटा पोटाकडे अवघा ४४ मिलिमीटर येतो. असला गतिरोधक ठेंगण्या गाडीसहि कांहीं करीत नाहीं. परंतु गल्लींतल्या लोकांनीं सिमेंटचीं दोन घमेलीं ओतून केलेला, हातभर रुंदीचा उंचवटा या मानकाला ओळखत नाहीं. तो दोन चाकांच्या मध्यें सापडला कीं त्याची सबंध उंची पोटाखालीं येते, आणि १०६ मधून १०० वजा जातां उरतात सहा मिलिमीटर. मागच्या बाकावर दोन माणसें बसलीं कीं तेहि संपले.

यावरून कोणी म्हणेल कीं व्यास कायम ठेवून खुशाल सतरा इंची चाकें घालावींत. येथेंच या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. रस्त्याचा धक्का प्रवाशापर्यंत पोंचण्यापूर्वीं त्याला दोन गाद्या ओलांडाव्या लागतात. पहिली गादी टायरच्या भिंतींतील हवेची, दुसरी स्प्रिंगेची. गाडी ठेंगणी करणारा दुसरी गादी पातळ करतो, कारण आंखूड स्प्रिंगेला दबण्यास जागा कमी, आणि ती टोकाच्या रबरी ठोकळ्यावर आदळूं नये म्हणून ती अधिक ताठहि केलेली असते. मग जो धक्का स्प्रिंग पूर्वीं गिळून टाकी, त्याचा वाटा भिंतीवर येतो. ज्या वेळीं भिंतीला अधिक काम पडावयाचें, नेमक्या त्याच वेळीं हौशी मालक ती भिंत कापतो. मूळची भिंत १३२ मिलिमीटर होती. पंधरा इंची रिमवर ती १२०, सोळावर १०७ आणि सतरावर ९२ उरते. पावसाळ्यांत पाण्यानें भरलेला खड्डा दिसत नाहीं. त्याच्या धारेवर चाक आदळलें कीं ही आंखूड भिंत रिम आणि दगड यांच्यामध्यें चिमटली जाते, आंतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशीं टायरच्या कडेस लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाहीं. तो टाकावाच लागतो. रिम वाकते ती निराळीच, आणि ओतीव अलॉयची असेल तर तिला तडा जाण्याचाहि संभव असतो.

मोटारीच्या इतिहासांत उलट्या दिशेचेंहि उदाहरण आहे. ब्रिटनमध्यें १९५९ सालीं निघालेल्या मिनी या गाडीस तिचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांनीं मुद्दाम दहा इंची चाकें घातलीं आणि त्यांसाठीं डनलप कंपनीकडून खास टायर करवून घेतले. चाकें लहान असावींत आणि आंतली जागा माणसांना मिळावी, एवढा साधा हेतु त्यामागें होता. त्या गाडीनें पुढें शर्यती जिंकल्या. तेव्हां मोठी रिम म्हणजे चांगली गाडी, हें समीकरण कोठून आलें हें दुकानदारांनाच विचारावें.

एकंदरींत पाहतां तीसपस्तीस मिलिमीटरांनीं ठेंगण्या केलेल्या स्विफ्टला कंपनीचेंच १८५/६५ आर १५ हें माप सर्वांत योग्य ठरतें. ज्याचा रस्ता रोज चांगला आहे आणि ज्याला वळणावर टायरची ताठर पकड हवीच आहे, त्यानें १९५/५५ आर १६ पर्यंत जावें. सतरा इंची चाकें प्रदर्शनांत उभ्या राहणाऱ्या गाडीसाठीं ठीक आहेत.

व्यास ठरला म्हणजे काम संपलें असें नाहीं. रिमची रुंदी आणि तिची बैठक हा दुसरा प्रश्न, आणि टायर घांसण्याचे बहुतेक प्रकार येथेंच उद्भवतात. रिम ज्या पृष्ठभागानें हबवर टेकते तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेरच्या अंगास आहे, तें माप रिमवर ईटी या अक्षरांपुढें मिलिमीटरांत कोरलेलें असतें. दुकानांत यालाच ऑफसेट म्हणतात. आकडा मोठा असला तर चाक गाडीच्या आंत ओढलें जातें. लहान असला तर तें बाहेर येतें. समजा, जुनी रिम साडेपांच इंच रुंद असून तिचा आकडा ४५ आहे, आणि नवी सात इंच रुंद असून तिचा आकडा ३५ आहे. रुंदी दीड इंचानें, म्हणजे ३८ मिलिमीटरांनीं वाढली. त्याची निम्मी १९ बाहेर आणि निम्मी १९ आंत. आकडा दहानें कमी झाला म्हणून सबंध चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकलें. बाहेरची कड २९ मिलिमीटरांनीं बाहेर आली, आंतली कड ९ मिलिमीटरांनीं आंत गेली. या दोन आकड्यांपैकीं पहिला मडगार्डाच्या कांठाशीं ताडून पाहावयाचा आणि दुसरा शॉकॲब्सॉर्बरच्या नळीशीं. रिम विकत घेण्यापूर्वीं कागदावर एवढी वजाबाकी करण्यास पांच मिनिटें लागतात.

रिम फार रुंद आणि टायर अरुंद, असा ताणून बसविलेला टायर हीहि एक रूढी पडूं पाहत आहे. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते हें ठरलेलें असतें; १८५/६५ आर १५ ला पांच ते साडेसहा इंच, १९५/५५ आर १६ ला साडेपांच ते सात इंच. या मर्यादेबाहेर ताणलेल्या टायरचा कांठ जोराच्या वळणावर किंवा खड्ड्यांत रिमवरून निसटूं शकतो, आणि मग आंतली सर्व हवा एका क्षणांत निघून जाते.

ठेंगण्या गाडीसंबंधीं एक गैरसमज असा आहे कीं उभ्या गाडींत बोट घालून पाहिलें, जागा सुटलेली दिसली, म्हणजे टायर घांसणार नाहीं. वस्तुतः चाक जास्तींत जास्त किती वर जातें हें रबरी ठोकळा ठरवितो, आणि गाडी ठेंगणी केल्यानें तें टोक बदलत नाहीं. बदलतें तें त्या टोकापासूनचें अंतर. मूळ गाडींत चाक तेथपर्यंत क्वचित् पोंचतें. ठेंगण्या गाडींत तें रोज पोंचतें. म्हणून परीक्षा त्या टोकाची घ्यावी. तिला फारशी सामग्री लागत नाहीं. मडगार्डाच्या आंतल्या कांठावर आणि जेथें टायर जवळ येतो अशा इतर जागीं कणकेचे किंवा शाडूचे लहान गोळे चिकटवावेत. गाडींत पांच माणसें बसवावींत, मागें सामानाच्या जागीं तांदुळाचें पोतें ठेवावें. नंतर मोकळ्या मैदानांत, पुढचें उजवें आणि मागचें डावें चाक एकाच वेळीं जाड फळ्यांवर चढेल अशा बेतानें गाडी अगदीं सावकाश चालवावी, आणि सुकाणू दोन्ही बाजूंस शेवटापर्यंत फिरवून पाहावें. मग बाजू बदलून तोच प्रयोग करावा. खालीं उतरून गोळे पाहिले कीं चपटा झालेला गोळा उरलेली जागा बरोबर सांगतो. बोटाच्या जाडीइतका तरी तो उरला पाहिजे. उरला नसेल तर कमी रुंदीची किंवा मोठ्या आकड्याची रिम घ्यावी. मडगार्डाचा कांठ ठोकून वर दुमडणें, हा शेवटचा आणि वाईट उपाय. रबरी ठोकळा कापून टाकणें हा तर उपायच नव्हे. त्यानें चाक पूर्वींपेक्षांहि वर जाऊं लागतें. आणि स्प्रिंगेचा एखादा वेढा कापून किंवा ती तापवून गाडी खालीं आणलेली असेल, तर चाकांचा विचार सोडून आधीं ती स्प्रिंग बदलावी. कापलेल्या स्प्रिंगेचें टोक आपल्या बैठकींत नीट बसत नाहीं आणि चाक लोंबकळलें असतां ती जागची निसटूं शकते.

हें सर्व इतक्या काटेकोरपणानें पाहण्याचें कारण असें कीं मडगार्डाचा आंतला कांठ म्हणजे पत्र्याची दुमड. ती फिरत्या टायरला विळीसारखी लागते. गल्लींत सावकाश जातांना नुसता घर्र असा आवाज येतो, आणि मालकाला तो संवयीचा होतो. परंतु दिवाळीला गांवीं निघालेल्या भरल्या गाडींत, महामार्गावर, पुलाच्या सांध्यावर चाक उसळलें कीं तीच दुमड टायरच्या खांद्यांत खोल शिरते. ओझें जास्त, हवा तापलेली, वेग मोठा, आणि जखम नेमकी तेथें जेथें टायर सर्वांत अधिक वांकतो.

ओझ्याचा उल्लेख आला म्हणून टायरवरील आणखी एक आकडा पाहणें अवश्य आहे. मापाच्या पुढें ८५ टी, ८८ एच अशा खुणा असतात. अक्षर वेगाची मर्यादा सांगतें. टी म्हणजे ताशीं १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. आपल्या रस्त्यांवर त्याची चिंता कोणास पडावी असें नाहीं. आकडा मात्र एका टायरवर किती भार टाकतां येतो हें सांगतो, आणि तो आकडा म्हणजेच किलो नव्हेत. त्यासाठीं ठराविक कोष्टक आहे. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. १६५/८० आर १४ हा टायर ८५ चा असतो, १८५/६५ आर १५ हा ८८ चा आणि १९५/५५ आर १६ हा ८७ चा. येथपर्यंत सर्व ठीक. २०५/४५ आर १७ हा साधा टायर मात्र ८४ चा, म्हणजे ५०० किलोंचा. आणि मघांचा १९५/५० आर १५ हा ८२ चा, म्हणजे ४७५ किलोंचा. रुंद आणि महाग टायर अरुंद टायरपेक्षां चाळीस किलो कमी उचलतो, ही गोष्ट ऐकणाऱ्यास खरी वाटत नाहीं. परंतु भार रबर उचलीत नसून आंतली हवा उचलते, आणि आंखूड भिंतीच्या टायरांत हवेला जागाच थोडी असते. सतरा इंची मापांत अधिक मजबूत बांधणीचा ८८ आकड्याचा टायर मिळतो. पण त्याला हवा अधिक दाबाची भरावी लागते, आणि मग पहिली गादी आणखी कडक होते. चालकाच्या दारापाशीं खांबावर कंपनीनें जो कागद चिकटविलेला असतो, त्यावरील मापाच्या टायरचा भारांक पाहून त्याखालचा टायर कोणीहि घेऊं नये.

रुंद टायरच्या विरुद्ध पावसाचीहि साक्ष आहे. कोरड्या डांबरावर रुंद टायर चांगली पकड देतो हें खरें. परंतु गाडी हलकी असतां तेंच वजन अधिक रुंदीवर विभागलें गेलें कीं साचलेलें पाणी बाजूस सारण्याचें बळ कमी पडतें, आणि टायर पाण्यावर तरंगूं लागतो. कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यानें हें विशेष ध्यानांत धरावें. टायरवरील खांचा झिजत आल्या असतील तर हा धोका वाढतो. मोटारीसाठीं कायद्यानें १.६ मिलिमीटरांची किमान खोली ठरविलेली आहे, पण मुसळधार पावसाला ती पुरेशी नाहीं.

रिम हबवर नीट बसली पाहिजे, ही गोष्ट सांगण्याची वेळ येऊं नये, पण येते. स्विफ्टच्या चाकाचे चार बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजलें कीं तें वर्तुळ सांपडतें. बाजारांत ९८ मिलिमीटरांच्याहि रिमा मिळतात. त्या फियाटच्या गाड्यांच्या. दोन मिलिमीटरांनीं काय होतें, असें म्हणून त्या ओढूनताणून बसवितात. त्यांचे नट आपल्या खळग्यांत पूर्ण बसत नाहींत आणि चालतां चालतां सैल पडतात. रिमच्या मधलें भोंक स्विफ्टच्या हबवर ५४.१ मिलिमीटरांचें लागतें. निरनिराळ्या गाड्यांना चालावी म्हणून केलेल्या रिमेचें भोंक याहून मोठें असतें. ती पोकळी भरून काढणारी कडी न घातल्यास चाक मध्यावर राहत नाहीं, आणि ठराविक वेगाला सुकाणू थरथरूं लागतें. कारागीर मग पुन्हां पुन्हां बॅलन्सिंग करून देतो, मालक पुन्हां पुन्हां पैसे देतो, आणि दोष तेथें नसतोच.

गाडी खालीं आली कीं पुढच्या चाकांचा कल बदलतो. त्यांचे माथे किंचित् आंत झुकतात, आणि चाकें परस्परांशीं समांतर राहत नाहींत. नव्या टायरांची आंतली कड थोड्या दिवसांत गुळगुळीत झालेली दिसते ती यामुळें. यासाठीं स्प्रिंगा बसवून गाडी कांहीं दिवस चालवावी, त्या आपापल्या जागीं बसूं द्याव्यात, आणि मग अलाइनमेंट करून घेऊन नंतरच नवे टायर चढवावेत. क्रम उलटा केला तर महागाच्या टायरांची झीज फुकट जाते.

कायद्याची बाजूहि थोडक्यांत पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मूळ दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें केरळमधील एका प्रकरणांत निकाल देतांना ही मर्यादा काटेकोरपणें पाळावयाची असल्याचें स्पष्ट केलें. स्प्रिंगांना हात लावण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विमा कंपनीचा तपासनीस मडगार्डाखालीं वांकून पाहतो, त्या वेळीं कंपनीच्याच कागदावर असलेलें टायरचें माप मालकाच्या बाजूनें बोलतें.

राहतां राहिली स्टेपनी. हा शब्द मराठींत इतका मुरला आहे कीं तो एका रस्त्याचें नांव आहे हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. वेल्समधील लानेल्ली गांवच्या स्टेपनी रस्त्यावर डेव्हीस बंधूंनीं १९०४ सालीं जादा चाकांचा धंदा सुरू केला, त्यावरून तो आला. चार चाकें बदलणाऱ्यास पांचव्याची आठवण सहसा राहत नाहीं. व्यास कायम ठेवलेला असेल तर जुनी १६५/८० आर १४ ची स्टेपनी १८५/६५ आर १५ च्या जोडीनें मुक्कामापर्यंत निभावून नेते, कारण व्यासांतील फरक दोन मिलिमीटरांहूनहि कमी आहे. व्यास बदललेला असेल तर पुढचीं दोन चाकें लहानमोठीं होतात, गाडी एका बाजूस ओढते आणि दोन चाकांचे फेरे सांभाळणाऱ्या दांत्यांवर सतत ताण पडतो. अलॉयच्या रिमेचे नट निराळ्या बैठकीचे असले, तर लोखंडी स्टेपनीसाठीं जुन्या नटांचा संच गाडींतच एका कापडी पिशवींत ठेवावा. नवीं चाकें बसविल्यावर शंभरएक किलोमीटर धांवल्यानंतर सर्व नट पान्यानें एकदां पुन्हां आवळून पाहावेत; रिम व हब यांच्यामधील रंगाचा थर दबला कीं ते किंचित् ढिले झालेले आढळतात.